भरतीचे घड्याळ किती खरे?

समुद्र आपल्यापैकी पुष्कळांनी फक्त चित्रात किंवा देवदर्शनाच्या सहलीत पाहिलेला असतो. पण कोकणात असे हजारो कुटुंबांचे शेत आहे की ज्याच्या एका बांधाला विहीर, दुसऱ्या बांधाला शेजारी आणि तिसऱ्या बांधाला खाडी असते. या खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. मातीचा बांध घालून ते खारे पाणी अडवायचे आणि आतल्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर भात घ्यायचा, ही खारजमिनीची शेती. रायगड जिल्ह्यात या बाहेरच्या बांधाला बाहेरकाठा म्हणतात. बांधात जागोजागी लाकडी झडपेच्या मोऱ्या असतात, त्यांना उघाडी म्हणतात. बांध फुटून वाट पडली की तिला खांड म्हणतात. हे तीन शब्द ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल.

अशाच एका गावात गेल्या काही वर्षांपूर्वी वैशाखात मी खांड पाहायला गेलो होतो. घराच्या पडवीत भिंतीवर एक घड्याळ टांगलेले दिसले. आकाराने नेहमीचे, पण काटा एकच. बाराच्या जागी ‘भरती’, सहाच्या जागी ‘ओहोटी’ असे कागदाचे तुकडे चिकटवलेले. उजव्या बाजूला वरून खाली पाच, चार, तीन, दोन, एक आणि डाव्या बाजूला खालून वर पुन्हा पाच, चार, तीन, दोन, एक. म्हणजे काटा उजवीकडे ‘तीन’वर असेल तर ओहोटीला तीन तास उरले, डावीकडे ‘तीन’वर असेल तर भरतीला तीन तास उरले, असा त्याचा अर्थ. घरचा थोरला मुलगा व्यापारी जहाजावर खलाशी. त्याने ते अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून आणलेले. वस्तू मोठी देखणी होती आणि घरात तिचे कौतुकही होते.

त्या आठवड्यात मात्र कौतुक जरा उतरले होते. खांड बुजवायला षष्ठीचा दिवस धरला होता. घड्याळाप्रमाणे पाणी अकराच्या सुमारास पूर्ण उतरणार, तेव्हा शेवटचे तोंड अकराला बांधायचे असा बेत. सकाळपासून बारा माणसे कामाला. बांबूच्या खुंट्या ठोकल्या, पेंढा अंथरला, चिकणमातीचे गोळे हातोहात देऊन दोन्ही बाजूंनी माती आणली. आणि पाणी दहाच्या आतच वळले. अकराला तोंड बांधायला घेतले तेव्हा पाणी चढणीला लागून तास झाला होता. साडेबारापर्यंत ओली माती, पेंढा, खुंट्या सगळे आत वाहून गेले. एका दिवसाची मजुरी गेली, माती गेली, आणि शेतात पुन्हा खारे पाणी शिरले ते वेगळेच. घरातले आजोबा मला म्हणाले, “साहेब, घड्याळ बिघडलं की आमचं नशीब?”

घड्याळ बिघडलेले नव्हते. मी माझ्या हातातल्या घड्याळाशी ते दोन दिवस ताडून पाहिले. त्याचा काटा जसा चालायला हवा तसाच चालत होता. तरीही ते तासभर चुकले होते. हे कसे, ते आज सांगायचे आहे. कारण अशी घड्याळे आता शहरातून, परदेशातून किनाऱ्यावरच्या घरांत येऊ लागली आहेत आणि मोबाईलमध्येही तसली चित्रे दिसतात.

काटा कशावर चालतो

पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण तेवढ्यात चंद्रही पुढे सरकलेला असतो. म्हणून आज चंद्र डोक्यावर आला त्या क्षणापासून उद्या पुन्हा डोक्यावर यायला २४ तास नव्हे, तर सरासरीने २४ तास ५० मिनिटे लागतात. या वेळात समुद्र दोनदा चढतो. चंद्राच्या बाजूला एक फुगवटा आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला दुसरा. तेव्हा एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतचा सरासरी काळ त्याच्या निम्मा, म्हणजे १२ तास २५ मिनिटे १४ सेकंद.

भरतीचे घड्याळ म्हणजे एवढ्या वेळात एक फेरी पुरी करणारा काटा. याहून अधिक त्यात काही नाही. आपल्या भिंतीवरच्या सेलवर चालणाऱ्या घड्याळात गारेचा एक बारीकसा स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ते कंप मोजून काटा पुढे सरकतो. भरतीच्या घड्याळातही स्फटिकच असतो, फक्त मोजमाप असे बसवलेले असते की तासकाटा १२ तासांऐवजी १२ तास २५ मिनिटे १४ सेकंदांनी वर्तुळ पुरे करतो. एक पेन्सिल सेल घातला की झाले. घड्याळाला ना समुद्र दिसतो, ना चंद्र. त्याला फक्त मोजता येते.

त्या चौदा सेकंदांना क्षुल्लक समजू नका. काही स्वस्त घड्याळे नुसत्या १२ तास २५ मिनिटांवर बसवलेली असली तर एका महिन्यात सुमारे ५७ भरत्या येतात, त्यामुळे महिनाअखेर साधारण १३ मिनिटांचा फरक पडतो. तरी हा फरक लावून घेता येतो. खरी चूक इथे नाहीच.

सूर्याचा वाटा

भरती चंद्रामुळे येते असे आपण शाळेत शिकलो. ते खरे, पण अर्धवट. सूर्यही पाणी ओढतो. तो चंद्रापेक्षा प्रचंड मोठा असला तरी फार लांब आहे, त्यामुळे त्याची ओढ कमी पडते. सूर्याची भरती बरोबर १२ तासांनी येते, चंद्राची १२ तास २५ मिनिटांनी. दोघांची गाडी कधी जुळते, कधी फाटते.

पूर्णिमा व अमावास्येच्या सुमारास दोघे एकाच दोरीला हात घालतात. तेव्हा पाणी खूप चढते व खूप उतरते. याला आपण उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास एक ओढतो तेव्हा दुसरा सोडतो, पाणी कमी चढते व कमी उतरते. याला भांग म्हणतात. इथपर्यंत किनाऱ्यावरच्या पोरालाही ठाऊक असते. उधाणाचा कळस ऐन पूर्णिमेला नसून एक-दोन दिवस मागाहून येतो, हेही कोळी बांधव जाणतात.

पण सूर्य पाण्याची उंचीच तेवढी बदलत नाही, वेळही बदलतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती रोज ३५ ते ४० मिनिटेच उशिरा येते. भांगात मात्र तीच भरती एका दिवसात सव्वा तासाहूनही अधिक, कधी कधी दीड तासाने मागे पडते. पंधरवड्याची सरासरी काढली की रोजची ५० मिनिटे येतात. आणि घड्याळ चालते ते या सरासरीवर. बाजारचा सरासरी भाव कागदावर ठीक असतो, पण आपण ज्या दिवशी गाडी नेली त्या दिवशी काय भाव होता ते महत्त्वाचे, तसेच हे.

याचा परिणाम असा होतो. उधाण उतरू लागले की रोज दहा-पंधरा मिनिटे वाचत जातात आणि खरी भरती घड्याळाच्या पुढे धावते. षष्ठी-सप्तमीला हे अंतर सर्वांत जास्त असते. मग भांगात भरती भराभर मागे पडते, अष्टमी-नवमीला घड्याळाशी गाठ पडते, आणि एकादशी-द्वादशीला ती घड्याळाच्या मागे राहिलेली असते. पुढच्या उधाणाला पुन्हा जुळते. मुंबईच्या समुद्रात सूर्याच्या भरतीचा जोर चंद्राच्या भरतीच्या सुमारे दोन पंचमांश आहे. त्यावरून हिशेब केला तर ही चूक दोन्ही बाजूंना जवळजवळ पाऊण तासाची होते. आणि घड्याळ ऐन पूर्णिमेच्या दिवशी लावले असेल तर तेव्हाची भरतीच सरासरीच्या थोडी मागे असते, म्हणून षष्ठीला ही चूक तासाभरापर्यंत जाते. आजोबांच्या मुलाने घड्याळ पूर्णिमेला, उघाडीवर उभे राहून, अगदी काळजीने लावले होते. सोबतच्या कागदावर तसेच छापलेले होते.

आता बोस्टनचे पाहा. तिथे सूर्याच्या भरतीचा जोर चंद्राच्या सहाव्या हिश्श्याइतकाच आहे. त्यामुळे हीच चूक तिथे सुमारे वीस मिनिटांवर भागते. म्हणून तिथल्या माणसाला हे घड्याळ बरे वाटते. अमेरिकेच्याच दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातात पुष्कळ ठिकाणी दिवसात एकदाच भरती येते, तिथे ते भिंतीवर शोभेलाच ठेवावे लागेल. एकच घड्याळ, पण पाण्यापाण्यात फरक. बियाण्याची पिशवी घेताना ते वाण कुठल्या जमिनीसाठी आहे हे आपण विचारतो, तसे या घड्याळाबद्दल कोणी विचारत नाही.

तिथीची पाऊणपट

आजोबांचा स्वतःचा हिशेब होता. कोकण किनाऱ्यावर तो जुना आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणारे लोक आजही हाच हिशेब करतात.

त्या षष्ठीला या हिशेबाने भरती साडेचारला आणि त्याआधीची ओहोटी सव्वादहाच्या सुमारास आली असती. खरे पाणी दहाच्या आत वळले. म्हणजे आजोबांचा हिशेब वीस-पंचवीस मिनिटांनी चुकला असता, बोस्टनचे घड्याळ तासाने चुकले. मुलगा घरी नव्हता, घड्याळ त्याने हौसेने आणलेले, म्हणून आजोबा त्या दिवशी काही बोलले नाहीत.

पण याही हिशेबाची परीक्षा घेतली पाहिजे. पंधरा तिथींची पाऊणपट सव्वाअकरा होते. म्हणजे पूर्णिमेची भरती सव्वाअकराला आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची एकदम पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी समुद्र उधाणात कधीच घेत नाही. सरासरी काढायची तर तिथीला ४८ मिनिटे धरावी लागतात, कारण १५ तिथींत १२ तास भरले पाहिजेत. पाऊणपट म्हणजे ४५ मिनिटे. ही तीन मिनिटांची सूट प्रतिपदेपासून षष्ठी-सप्तमीपर्यंत उपयोगी पडते, कारण तेव्हा भरती खरोखरच सरासरीच्या पुढे असते. अष्टमीनंतर मात्र हा हिशेब सुटत जातो. द्वादशीला बारा पाऊण नऊ म्हणावे, तर भरती येते त्यानंतर तासाहून अधिक उशिराने. म्हणजे पंधरवड्याच्या पहिल्या अर्ध्यात आजोबा बरोबर आणि दुसऱ्या अर्ध्यात घड्याळ जवळचे. शिवाय पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की आणखी थोडा घोळ होतो तो निराळा.

दिवसाला ४८ मिनिटांचा हिशेब विलायतेतही जुना आहे. लंडन ब्रिजपाशी भरती केव्हा येते याचे तेराव्या शतकातले एक हस्तलिखित कोष्टक आहे, त्यात चंद्राच्या एकेका दिवसाला ४८ मिनिटेच वाढवलेली आहेत. पुढे तिकडच्या उंच उभ्या घड्याळांवर भरतीची वेगळी तबकडी बसवू लागले. आजचे सेलवरचे घड्याळ त्याच घराण्यातले.

मग खरे वेळापत्रक कोणते

भरतीत चंद्र-सूर्याच्या या दोन लाटाच नसतात. चंद्र कधी पृथ्वीच्या जवळ असतो, कधी लांब. कधी विषुववृत्ताच्या उत्तरेला, कधी दक्षिणेला. प्रत्येक गोष्टीची पाण्यावर वेगळी लाट उमटते. या सगळ्या लाटा वेगवेगळ्या मोजून नंतर एकत्र बेरीज करणारे यंत्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांनी १८७२-७३ च्या सुमारास इंग्लंडात करवून घेतले. चाके, कप्प्या आणि त्यांवरून फिरणारी एक लांब तार, असे ते यंत्र. खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी असे दुसरे यंत्र १८७९ साली तयार झाले. मुंबईला अपोलो बंदरावर पाण्याची उंची नोंदवण्याचे काम १८७८ पासून चालत आले आहे. आज हीच बेरीज संगणक करतो आणि भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी देशातल्या बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके छापून काढतो. त्यात तारीख, वेळ आणि मीटरमध्ये उंची, तिन्ही असतात. हवा शांत असेल तर ही वेळ काही मिनिटांच्या फरकाने जुळते.

उंचीबद्दल दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत, कारण शेतकऱ्याचे नुकसान वेळेपेक्षा उंचीने होते आणि भरतीच्या घड्याळाला उंची हा प्रकारच माहीत नाही. त्याचा काटा उधाणालाही बारावर येतो आणि भांगालाही बारावरच येतो. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दुपारी बारा-दोनच्या दरम्यान येते. हिवाळ्यात मोठी भरती मध्यरात्री येते, सगळे झोपलेले असताना. बाहेरकाठ्यावरून पाणी आत सांडले ते सकाळी शेतात पांढरट ओल दिसल्यावर कळते. मार्गशीर्ष-पौषात बांधाची पाहणी दिवसा करून समाधान मानणाऱ्यांनी एकदा रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन जावे.

पाणी चढण्याचा वेगही सारखा नसतो. घड्याळावरचे आकडे समान अंतरावर असल्यामुळे आपली फसगत होते. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत एकूण जेवढे पाणी चढायचे त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मे पाणी येते. आमच्या त्या खांडीवर पहिल्या तासात कोणाला फारसे काही जाणवले नाही ते यामुळेच. पाणी वळले आहे हे डोळ्यांना दिसले तोवर चढणीचा जोराचा भाग सुरू झाला होता. हा बारा भागांचा हिशेब मोकळ्या किनाऱ्याचा. अरुंद खाडीत आत गेल्यावर पाणी चढते लवकर आणि उतरते सावकाश, हेही ध्यानात ठेवावे.

हवेचाही हात असतो. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. वादळी हवेत दाब वीस मिलिबार उतरला तर कोष्टकातल्या उंचीवर वीतभर पाणी वाढले असे समजा, आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर त्याहून अधिक. हे कोणत्याही घड्याळात किंवा छापील कोष्टकात येणार नाही. त्यासाठी हवामानखात्याची सूचना आणि हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा उंच लाटांचा इशारा ऐकावा.

पावसाळ्यात उलटी अडचण. आत भातखाचरात पावसाचे पाणी तुंबलेले असते आणि ते उघाडीतून बाहेर काढायचे असते. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा खाली गेल्याशिवाय ते निघत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. मुंबईचे पाणी बाहेर जाईना, त्याचे हे एक मोठे कारण. तेव्हापासून शहरातल्या लोकांनाही भरतीची वेळ विचारण्याची सवय लागली. मुंबई महानगरपालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. रायगड-ठाणे-पालघरच्या शेतकऱ्यांनी ती कापून दाराला लावायला हरकत नाही.

गंमत अशी की भरतीचे सर्वांत खरे घड्याळ बांधातच बसवलेले असते. उघाडीची झडप वरून बिजागरीवर टांगलेली असते. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने झडप मिटते, उतरले की आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. गोव्यात खाजणशेतीत यालाच मानस म्हणतात. तिला तिथी लागत नाही, सेल लागत नाही. फक्त झडपेत लाकडाचा ओंडका किंवा प्लॅस्टिकची पिशवी अडकू देऊ नये. मी पाहिलेल्या उघाड्यांपैकी पुष्कळ उघाड्या नासल्या त्या समुद्रामुळे नव्हे, अशा कचऱ्याने आणि मासे धरण्यासाठी मुद्दाम अडकवून ठेवलेल्या दांडक्याने.

घड्याळ असेल तर काय करावे

खांड बांधायचे काम आपण भांगात घेतो, कारण तेव्हा भरती कमी चढते. आणि वर पाहिले त्याप्रमाणे घड्याळाची चूक नेमकी याच चार-सहा दिवसांत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. षष्ठीला ते तासभर मागे, द्वादशीला पुढे. म्हणून ज्या कामासाठी घड्याळाकडे पाहावेसे वाटते त्याच कामात ते सर्वांत कमी भरवशाचे. उधाणाच्या तीन-चार दिवसांत मात्र त्याच्यावर अर्ध्या तासाच्या आत विसंबता येते. शिंपल्या-कालवे काढायला जाणाऱ्या बायकांना किंवा होडी लोटणाऱ्याला तेवढे पुरते.

घड्याळ पूर्णिमेला न लावता प्रतिपदा-द्वितीयेला, उधाणाचा कळस असताना, आपल्याच उघाडीवर पाणी थांबते त्या क्षणी लावावे. म्हणजे चूक दोन्ही बाजूंना सारखी वाटली जाते. षष्ठी-सप्तमीला काट्याने दाखवलेल्या वेळेतून पाऊण तास वजा करावा, एकादशी-द्वादशीला पाऊण तास मिळवावा. दर महिन्याला एकदा पुन्हा लावून घ्यावे.

याहून चांगले म्हणजे पंधरा दिवस खर्च करून आपल्या खाडीचा फरक काढावा. कोष्टकातली वेळ बंदराची असते, तुमच्या उघाडीची नव्हे. खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोचते, आणि किती उशिरा ते खाडीचे वळण, रुंदी व गाळ यांवर ठरते. दुसऱ्या गावचा आकडा तुम्हाला चालणार नाही. उघाडीजवळ पाण्यात एक सरळ बांबू रोवा, त्यावर वीत-वीत अंतरावर तेलरंगाने पट्टे मारा. रोज दिवसाउजेडी येणारी एक भरती व एक ओहोटी पाहा. पाणी थांबले की हातातल्या घड्याळाची वेळ आणि पट्टा वहीत लिहा. शाळेत जाणारी मुले हे काम आवडीने करतात. एका अमावास्येपासून पूर्णिमेपर्यंत नोंदी झाल्या की जवळच्या बंदराच्या कोष्टकाशी ताडून पाहा. सर्वसाधारण फरक लगेच दिसेल. खाडीत गाळ काढला किंवा नवा पूल झाला तर पुन्हा पाहावे. हे सोपे काम आहे, तरी दहा गावांत सांगितले तर दोन गावांत होते, असा माझा अनुभव आहे. ज्या दोन गावांत होते तिथे पुन्हा मला बोलवावे लागत नाही.

त्या गावात आम्ही बांबू दुसऱ्याच दिवशी रोवला. सूनबाईंनी सप्तमी आणि अष्टमीची नोंद केली. ओहोटी सप्तमीपेक्षा अष्टमीला सव्वा तासाने उशिरा आली, तेव्हा त्यांना वाटले आपलीच लिहिण्यात चूक झाली. चूक नव्हती, भांग होता. नवमीला पाणी वळायच्या दोन तास आधी माती टाकायला सुरुवात केली आणि पाणी पट्ट्यावर थांबले त्या वेळी तोंड बंद झाले होते. पुढचे उधाण सहा-सात दिवसांवर होते, तेवढ्यात माती बसली. त्या शेतात दोनदा खारे पाणी गेल्यामुळे त्यांना आम्ही त्या वर्षी पहिल्या पावसाचे पाणी दोन-तीन वेळा साठवून ओहोटीला सोडून द्यायला सांगितले आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे खारे पाणी सोसणारे भाताचे वाण लावायला दिले.

घड्याळ अजून पडवीत आहे. त्याच्या खाली खडूने एक पाटी टांगली आहे, तिच्यावर तिथी आणि ‘वजा’ की ‘अधिक’ एवढेच लिहिलेले असते. मुलगा सुट्टीवर आला तेव्हा त्याने ती पाटी पाहून हसत विचारले की, मी आणलेल्या वस्तूला हे काय जोडले? आजोबांनी त्याला वही दाखवली.